वाट पाहायला लावणाऱ्या मशीनला शिस्त लावणारा मास्तर

सी लँग्वेजचं पहिलं प्रॅक्टिकल आठवतंय? घाईघाईत तुम्ही बरोबरच्या चिन्हाची डावी-उजवी बाजू उलटी टाकता आणि कंपायलर तोंडावर एक एरर फेकतो : एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड. शेजारचा मित्र चूक दाखवतो, तुम्ही दुरुस्त करून पुढे जाता. पण हा 'एल-व्हॅल्यू' नावाचा विचित्र शब्द आला कुठून, हे कोणी सांगत नाही. परीक्षेला येत नाही ना!

परीक्षेला येतं ते वेगळंच. व्हायवाला हमखास विचारतात, पॉलिमॉर्फिझमचे प्रकार सांगा. आणि तिकडे अभ्यासिकेत एमपीएससी करणारा तुमचा रूममेट घोकत बसलेला असतो : दुष्काळ आयोग, अहवाल १८८०, अध्यक्ष सर रिचर्ड स्ट्रेची.

आता गंमत बघा. या तिन्ही गोष्टींचे धागे एकाच घरात जातात. दुष्काळ आयोगवाले रिचर्ड स्ट्रेची हे आजोबा. आणि एल-व्हॅल्यू, पॉलिमॉर्फिझमचे प्रकार यांच्याशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तो त्यांचा नातू, ख्रिस्तोफर स्ट्रेची.

पण आज त्याची गोष्ट सांगायचंय ती आणखी एका कारणासाठी. आत्ता तुमच्या फोनवर गाणं चालू असेल, मागे एखादी पीडीएफ डाउनलोड होत असेल आणि मध्येच मेसेज टपकत असतील. प्रोसेसर एका क्षणी मोजकीच कामं हातात घेतो, पण इकडून तिकडे इतक्या झपाट्यानं फिरतो की सगळं एकदम चालल्यासारखं वाटतं. ही वाटणी करणाऱ्या प्रोग्रामला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. ती वाटणी कशी करावी, यावर जगासमोर पहिल्यांदा निबंध वाचणाऱ्यांत हा माणूस होता. आणि वयाच्या पस्तिशीपर्यंत तो काय करत होता? शाळेत मुलांना गणित आणि फिजिक्स शिकवत होता!

घराणं मोठं, क्लास सेकंड

ख्रिस्तोफरचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. घर म्हणजे नुसती हुशार माणसांची जत्रा. वडील ऑलिव्हर यांना पियानोवादक व्हायचं होतं. नोकरी केली ती आपल्याकडे, ईस्ट इंडियन रेल्वेत. पुढे दोन्ही महायुद्धांत त्यांनी शत्रूचे गुप्त संदेश उलगडायचं काम केलं. आई रे स्ट्रेची केंब्रिजला गणित शिकलेली, बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लढलेली, आणि त्या चळवळीचा इतिहास लिहिणारी. काका लिटन स्ट्रेची हे त्या काळातले गाजलेले चरित्रकार.

अशा घरातल्या पोराकडून काय अपेक्षा असतात, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या घरी एखादा ताई-दादा आयआयटीत असेल तर तुम्हाला हे जास्तच कळेल.

ख्रिस्तोफर १९३५ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. कोडी सोडवण्यात हुशार, बोलण्यात पटाईत, पियानो वाजवणार, गप्पा ठोकणार. अभ्यासाच्या नावानं मात्र फारसं काही नाही. तिसऱ्या वर्षी तो मनानं पार कोसळला. त्याला सगळं सोडून काही काळ घरी राहावं लागलं. त्याच्या बहिणीनं पुढे अंदाज बांधला, की आपण समलिंगी आहोत हे स्वतःशी मान्य करण्याची ओढाताण त्यामागे असावी. त्या वेळच्या ब्रिटनमध्ये हा गुन्हा होता. तुरुंगात जावं लागायचं. असल्या गोष्टी तेव्हा घरातही बोलायची सोय नव्हती.

तो सावरला, परत आला, परीक्षा दिली. निकाल काय? सेकंड क्लास, तोही खालचा. संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवायची त्याची इच्छा होती; ती या निकालानं तिथंच संपली. पीएचडी त्यानं आयुष्यात कधीच केली नाही. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी हाच माणूस ऑक्सफर्डचा प्रोफेसर होणार आहे.

१९३९ला युद्ध सुरू झालं. ख्रिस्तोफरला एका टेलिफोन कंपनीत नोकरी लागली होती. काम रेडिओच्या व्हॉल्व्हची रचना करण्याचं. त्यात किचकट समीकरणं सोडवावी लागत, आणि त्यासाठी डिफरन्शियल अ‍ॅनलायझर नावाचं चाकांचं आणि दांड्यांचं एक गणिती यंत्र वापरायला मिळायचं. मशीनला गणित करायला लावायची गोडी त्याला इथंच लागली. पण युद्ध संपलं, आणि तो चक्क मास्तर झाला. आधी कँटरबरीच्या एका शाळेत, आणि १९४९पासून हॅरो स्कूलमध्ये. तीच हॅरो, जिथं पूर्वी जवाहरलाल नेहरू शिकले. मास्तर म्हणून तो मुलांचा लाडका होता म्हणतात. आयुष्य तसं मार्गी लागलं होतं.

सुट्टीतला छंद

१९५१चा जानेवारी. ख्रिसमसच्या सुट्ट्या चालू होत्या. एका मित्राच्या ओळखीनं ख्रिस्तोफर टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेला. तिथं 'पायलट एस' नावाचा कॉम्प्युटर होता. अख्ख्या ब्रिटनमध्ये तेव्हा चालू कॉम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दिवसभर त्यानं ते मशीन समजून घेतलं, आणि परत आला तो डोक्यात किडा घेऊनच.

शाळेचे तास, वह्या तपासणं, होस्टेलची कामं. यातून उरलेल्या वेळात त्यानं त्या मशीनसाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. कशाचा? तर ड्राफ्ट्स खेळण्याचा. ड्राफ्ट्स म्हणजे पटावरच्या सोंगट्या तिरक्या सरकवून समोरच्याच्या मारायच्या, आपण ज्याला चेकर्स म्हणतो तो खेळ. आता लक्षात घ्या, तेव्हा या मशीनवर लोक विमानाच्या पंखांची आणि क्षेपणास्त्रांची गणितं करत होते. आणि हा मास्तर म्हणतोय, मी याच्याशी खेळणार!

जुलैत त्यानं तो प्रोग्राम टेडिंग्टनला चालवून बघितला. चुका निघाल्या, शिवाय मशीनची मेमरी पुरेना. मग कानावर आलं की मँचेस्टरला फेरांटी मार्क वन नावाचा नवा, जास्त मेमरीचा कॉम्प्युटर आलाय. तिथं कोण होतं? अ‍ॅलन ट्युरिंग. किंग्ज कॉलेजातली जुनी ओळख. ख्रिस्तोफरनं पत्र टाकून प्रोग्रामिंगचं मॅन्युअल मागवलं.

ट्युरिंगनं लिहिलेलं ते मॅन्युअल म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारं प्रकरण. आकडे बत्तीसच्या पटीत, टेलिप्रिंटरच्या चिन्हांत, आणि तेही उलटे लिहायचे. आपण एकक, दशक, शतक उजवीकडून डावीकडे मांडतो, इथं डावीकडून उजवीकडे. हॅरोच्या मास्तरनं ते पाठच करून टाकलं.

मँचेस्टरची रात्र

ट्युरिंगनं त्याला सराव म्हणून एक काम सुचवलं. असा प्रोग्राम लिही, की जो दुसरा प्रोग्राम एकेक पायरी चालवून दाखवेल. म्हणजे मशीनवरच त्याच मशीनची नक्कल करायची. आज तुम्ही डीबगरमध्ये एकेक ओळ पुढे सरकवत प्रोग्राम तपासता ना, त्याचा हा पणजोबा.

ख्रिस्तोफरनं सुमारे हजार सूचनांचा प्रोग्राम लिहिला. त्या मशीनवर तोवर कोणी इतका मोठा प्रोग्राम चालवायचं धाडस केलं नव्हतं. तो मँचेस्टरला पोचला. ट्युरिंगनं भरभर मशीन कसं चालवायचं ते सांगितलं आणि तो निघून गेला. पुढची रात्रभर मशीन आणि मास्तर, दोघंच.

सकाळी प्रोग्राम चालला. आणि शेवटी त्या मशीनच्या भोंग्यातून चक्क ब्रिटिश राष्ट्रगीताची धून वाजली. कोणाला न सांगता ख्रिस्तोफरनं तेही त्यात घालून ठेवलं होतं. त्याच वर्षी बीबीसीनं मँचेस्टरच्या या मशीनचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. कॉम्प्युटर-संगीताचं आजवर टिकून राहिलेलं सर्वांत जुनं रेकॉर्डिंग ते हेच. खरखरतं, थोडं बेसूर. पण इंटरनेटवर आहे, ऐकून बघा.

पुढच्या वर्षी, १९५२मध्ये, त्याचा ड्राफ्ट्सचा प्रोग्राम पूर्ण डाव खेळू लागला. त्याच सुमारास मँचेस्टरच्या विद्यापीठात नोटीस बोर्डावर काही प्रेमपत्रं झळकायला लागली. लाडिक शब्द, थोडी वेडीवाकडी वाक्यं, आणि खाली सही एम.यू.सी. लोक चक्रावले, ही कोण? तर मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर! ख्रिस्तोफरनं शब्दांच्या याद्या दिल्या होत्या, आणि मशीन त्यातले शब्द चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलून पत्रं लिहीत होतं. चॅटबॉटकडून पत्र लिहून घेणाऱ्या आजच्या पिढीनं या पूर्वजाला एक नमस्कार करायला हरकत नाही.

त्या रात्रीची बातमी योग्य कानांवर गेली. नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाचे प्रमुख लॉर्ड हॅल्सबरी यांनी त्याला नोकरी देऊ केली. जून १९५२मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, मास्तर शाळा सोडून पूर्णवेळ कॉम्प्युटरवाला झाला.

वेळ नक्की कोणाचा वाचवायचा?

पुढची काही वर्षं त्यानं जे हाती येईल ते केलं. कॅनडात टोरांटोला जाऊन सेंट लॉरेन्स नदीच्या जलमार्गाची गणितं करून दिली. फेरांटी कंपनीच्या पेगासस कॉम्प्युटरच्या रचनेत हात घातला. प्रोग्राम लिहिणाऱ्याला सोपं जाईल असं मशीन, अशी पेगाससची ख्याती झाली. कारण उघड होतं. तो बनवणाऱ्यांत एक जण स्वतः रात्र रात्र प्रोग्राम लिहिणारा होता.

पण एक गोष्ट त्याला खटकत राहिली. ती समजायला तेव्हाची कॉम्प्युटर रूम डोळ्यांसमोर आणायला हवी.

सुरुवातीला पद्धत अशी होती : मशीनची वेळ आधी नोंदवायची, आपली पाळी आली की आपल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आत जायचं, टेप चढवायच्या, बटणं दाबायची, आणि चूक सापडली की तिथंच डोकं खाजवत बसायचं. पण एवढं महागडं मशीन, आणि ते माणसाच्या डोकं खाजवण्याची वाट बघत रिकामं! मालकांना हे परवडेना.

म्हणून अमेरिकेत १९५६ साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी आपल्या आयबीएम ७०४ मशीनसाठी एक प्रोग्राम लिहिला. मशीन विकणाऱ्या कंपनीनं नव्हे, गिऱ्हाइकांनीच! सगळ्यांची कामं एका टेपवर रांगेत लावायची. एक संपलं की या प्रोग्रामनं आपणहून पुढचं उचलायचं. ही अगदी सुरुवातीच्या ऑपरेटिंग सिस्टिम्सपैकी एक. या पद्धतीला बॅच प्रोसेसिंग म्हणतात.

मशीन खूश. माणूस मात्र मेला. सबमिशनच्या आदल्या दिवशी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे काय होतं, आठवा. फाइल द्या, ठेवून जा, उद्या या. उद्या गेलात, तर पान सात उलटं छापलंय. पुन्हा ठेवून जा, पुन्हा उद्या या. बॅचमध्ये प्रोग्रामरचं हेच व्हायचं. कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, कित्येक तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी कागद हातात यायचा, आणि त्यावर कळायचं की कुठंतरी एक स्वल्पविराम राहिलाय.

आणि खरं म्हणजे मशीन तरी कुठं पूर्ण कामात होतं? कार्ड वाचणारं यंत्र मिनिटाला दोन-अडीचशे कार्डं वाचायचं. तेवढ्या मिनिटात प्रोसेसर लाखो सूचना पार पाडू शकला असता. पण पुढचं कार्ड येईपर्यंत तो हात बांधून उभा. प्रिंटरचीही तीच कथा.

ख्रिस्तोफरला मँचेस्टरची ती रात्र आठवत असणार. मशीनसमोर बसून, एकेक पायरी बघत चूक शोधण्यात जी मजा आणि जो वेग आहे, तो खिडकीतून गठ्ठा देण्यात नाही. पण माणसाला मशीनसमोर बसू द्यायचं, तर मशीन रिकामं राहतं. मग यातून मार्ग काय?

तुमच्या नाक्यावरचा वडापाववाला बघा. कढईत वडे सोडले की तो तळून होईपर्यंत बघत बसतो का? तेवढ्यात पाव चिरतो, चटणी लावतो, एकाला सुटे पैसे देतो. कढईतला आवाज बदलला की हातातलं टाकून आधी वडे काढतो. आणि तुमची ऑर्डर दुसऱ्याच्या कागदात बांधत नाही.

फेब्रुवारी १९५९मध्ये ख्रिस्तोफरनं टाइम शेअरिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. जूनमध्ये पॅरिसला युनेस्कोची माहिती-प्रक्रियेवरची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथं त्यानं 'मोठ्या, वेगवान कॉम्प्युटरमधलं टाइम शेअरिंग' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध वाचला. मांडणी साधारण वडापाववाल्याची होती. मेमरीत एकाच वेळी अनेक प्रोग्राम ठेवा. एक प्रोग्राम कार्डासाठी किंवा प्रिंटरसाठी थांबला की प्रोसेसर दुसऱ्याला द्या. कार्ड तयार झालं की त्या यंत्रानं प्रोसेसरला हाक मारावी. आज आपण त्याला इंटरप्ट म्हणतो. कोणाचं काम आधी, याचा क्रम ठरवून ठेवा. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत लुडबुड करू देऊ नका. आणि या सगळ्यावर नजर ठेवायला एक मुख्य प्रोग्राम असू द्या.

यातून काय मिळणार होतं? एक प्रोग्रामर मशीनसमोर बसून निवांत डोकं खाजवू शकेल, आणि त्याच्या विचारातल्या मोकळ्या क्षणांत मशीन दुसऱ्यांची कामं उरकत राहील. मशीनचा वेळही वाचेल, माणसाचाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला मल्टिप्रोग्रामिंग, इंटरप्ट, शेड्यूलिंग, मेमरी प्रोटेक्शन असे चार वेगळे प्रश्न येतात ना? ते चारही त्या एका निबंधात शेजारी शेजारी बसलेले होते.

श्रेय कोणाचं?

इथं थोडं सावध राहू या. टाइम शेअरिंगचा जनक म्हणून एकच नाव पाठ करण्याचा मोह होतो, पण खरी गोष्ट तशी सरळ नाही.

अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या पहिल्याच दिवसाची तारीख घालून एक टिपण लिहिलं होतं. त्यांच्या डोक्यात अनेक माणसं, प्रत्येकासमोर टाइपरायटरसारखं टर्मिनल आणि सगळ्यांचं मिळून एक मशीन असं चित्र होतं. ख्रिस्तोफरचा भर वेगळ्या गोष्टीवर होता. एक माणूस चुका शोधत बसलाय आणि मागे बाकीचे प्रोग्राम चालू आहेत, हे त्याचं चित्र. शब्द एकच, अर्थ दोन. पण दोन्हींच्या मुळाशी दुखणं तेच होतं, मशीनसाठी माणसाला ताटकळत ठेवण्याचं.

पॅरिसच्या त्या परिषदेत ख्रिस्तोफरची गाठ जे. सी. आर. लिक्लायडर यांच्याशी पडली, आणि ही कल्पना त्यांच्या डोक्यात गेली. पुढे अमेरिकी सरकारचा पैसा टाइम शेअरिंगच्या संशोधनाकडे वळवणारे हेच लिक्लायडर. नोव्हेंबर १९६१मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या टीमनं अनेकांनी एकत्र वापरायची सिस्टिम चालवून दाखवली. इकडे मँचेस्टरला टॉम किलबर्न यांच्या टीमचा अ‍ॅटलास कॉम्प्युटर ७ डिसेंबर १९६२ला सुरू झाला. त्यातला 'सुपरवायझर' हा प्रोग्राम अनेक कामं एकत्र सांभाळायचा, आणि सोळा हजार शब्दांच्या मुख्य मेमरीला फिरत्या ड्रमवरच्या शहाण्णव हजार शब्दांची जोड देऊन सगळी मिळून एकच मोठी मेमरी आहे असं भासवायचा. तुमच्या सिलॅबसमधली व्हर्च्युअल मेमरी ती हीच.

यातली एकही सिस्टिम ख्रिस्तोफरनं बांधली नाही. त्यानं प्रश्न नीट मांडला, आणि तो अशा वेळी मांडला की बांधणाऱ्यांच्या कानावर पडला.

मास्तर पुन्हा वर्गात

१९५९मध्येच त्यानं सरकारी नोकरी सोडली आणि लंडनमधल्या घरातून सल्लागार म्हणून काम सुरू केलं. आज याला फ्रीलान्सिंग म्हणतील. पीटर लँडिन नावाच्या एका तरुणाला त्यानं मदतनीस म्हणून पगारावर ठेवलं, आणि बऱ्याचदा काय करायला दिलं? तर प्रोग्रामिंग भाषांचा गणिती अर्थ काय असतो, याचा विचार! गिऱ्हाइकांच्या कामातून आलेल्या पैशावर चाललेलं हे शुद्ध संशोधन होतं. त्यातून लँडिन स्वतः मोठा संशोधक झाला.

१९६२ला तो केंब्रिजला गेला. सेकंड क्लास घेऊन जिथून बाहेर पडला होता, तिथंच. तिथल्या आणि लंडनच्या सहकाऱ्यांबरोबर त्यानं सीपीएल नावाची नवी भाषा आखली. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे वस्तू ठेवायची जागा हवी आणि उजवीकडे ठेवायची वस्तू, हा फरक या भाषेत नाव देऊन मांडला गेला. तुमचा एल-व्हॅल्यू आला तो इथून.

खरं सांगायचं तर सीपीएल फसली. इतकी मोठी, इतकी महत्त्वाकांक्षी, की तिचा कंपायलर कधी धडपणे पूर्णच झाला नाही. पण मार्टिन रिचर्ड्स यांनी तिला कात्री लावून बीसीपीएल ही छोटी भाषा केली. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी बीसीपीएलवरून बी केली, आणि डेनिस रिची यांनी बीवरून सी. त्या सीमध्ये १९७३ला युनिक्स नव्यानं लिहिली गेली, आणि सीमध्येच लिनक्सचा गाभा लिहिला गेला, जो अँड्रॉइडच्या पोटात आहे. फसलेल्या भाषेची पणती तुमच्या खिशात आहे म्हणा ना.

१९६५पासून ऑक्सफर्ड. बॅनबरी रोडवरच्या एका घरात त्यानं प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुप उभा केला. त्याचा आग्रह एकच : थिअरीवाले आणि प्रॅक्टिकलवाले वेगळ्या खोल्यांत बसता कामा नयेत. नुसती थिअरी हवेत जाते, आणि नुसतं प्रॅक्टिकल चाचपडत राहतं, असं त्याचं मत. १९६७ला कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात त्यानं प्रोग्रामिंग भाषांच्या मूळ संकल्पनांवर व्याख्यानं दिली. पॉलिमॉर्फिझमचे पॅरामेट्रिक आणि अ‍ॅडहॉक असे दोन प्रकार त्यानं तिथं मांडले. त्या व्याख्यानांच्या टिपणांच्या प्रती हातोहात फिरल्या. रीतसर छापली गेली ती २०००मध्ये, तेहेतीस वर्षांनी!

१९६९मध्ये डॅना स्कॉट हे तर्कशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला आले, आणि दोघांनी मिळून प्रोग्रामच्या अर्थाला पक्का गणिती पाया दिला. १९७१ला विद्यापीठानं ख्रिस्तोफरला प्रोफेसर केलं. सेकंड क्लास, पीएचडी नाही, नावावर मोजकेच निबंध. तरीही प्रोफेसर.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. एका मशीनवर अनेक कामं कशी चालवावी हे ज्यानं सांगितलं, त्यानं पुढे सहकारी जो स्टॉय यांच्याबरोबर जी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली ती होती छोट्या मशीनची, एका वेळी एकाच माणसासाठी. तिचं नाव ओएस सिक्स. ती बीसीपीएलमध्ये, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली होती, आणि १९७२मध्ये तिचा मजकूर ग्रुपनं छापून सगळ्यांसाठी खुला केला. वाचा, शिका, वापरा. मास्तरची सवय, दुसरं काय! झेरॉक्स कंपनीच्या अल्टो या एकट्याच्या वापराच्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी तिच्यातून कल्पना घेतल्या. आणि अल्टोपासून आजच्या लॅपटॉपपर्यंतचा रस्ता सरळ आहे.

मोठ्या मशीनवरून छोट्यावर येताना त्याचं म्हणणं बदललं का? मला तसं वाटत नाही. १९५९ला मशीन महाग होतं, म्हणून माणसाचा वेळ वाचवायला ते वाटून घ्यावं लागलं. मशीन स्वस्त झाल्यावर तोच वेळ वाचवायला ते एकट्याला देता येऊ लागलं.

अर्धवट राहिलेलं

एक दोष त्याच्यात शेवटपर्यंत राहिला. कामं पूर्ण करून छापायला देण्याचा त्याला कंटाळा. मनासारखं झाल्याशिवाय सोडायचं नाही, आणि मनासारखं कधी होत नाही. बऱ्याच कल्पना गप्पांत, पत्रांत, फळ्यावर राहून गेल्या. इतरांनी त्या उचलल्या आणि वाढवल्या. त्याचं नाव तुम्ही आजवर ऐकलं नसेल, तर त्याचं एक कारण हेही आहे.

शेवटी त्यानं रॉबर्ट मिल्न या तरुण सहकाऱ्याबरोबर आपला सगळा विचार एका मोठ्या निबंधात बांधायला घेतला. केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पुरस्कारासाठी तो पाठवला, पण पुरस्कार मिळाला नाही. मग त्याचं पुस्तक करायचं ठरलं. काम चालू असतानाच तो आजारी पडला. आधी कावीळ म्हणून निदान झालं. बरा होतोय असं वाटत असताना आजार उलटला, आणि १८ मे १९७५ रोजी संसर्गजन्य हेपटायटिसनं तो गेला. वय अठ्ठावन्न. पुस्तक पुढच्या वर्षी मिल्न यांनी पूर्ण करून आणलं.

दोस्तांनो, ही गोष्ट वाचून मार्कांना काही अर्थ नसतो असा निष्कर्ष काढू नका. त्या सेकंड क्लासनं त्याला बारा वर्षं संशोधनापासून लांब ठेवलं, हे खरंच आहे. ती किंमत त्यानं मोजली. पण त्या बारा वर्षांत त्यानं प्रश्न विचारायचं सोडलं नाही. शाळेच्या सुट्टीत, कोणी पैसे देत नसताना, कुठली डिग्री मिळणार नसताना, तो एका मशीनला सोंगट्या खेळायला शिकवत बसला.

पुढच्या वेळी लॅबमध्ये एल-व्हॅल्यूचा एरर आला, की चिडण्याआधी एकदा मँचेस्टरची ती रात्र आठवा. मशीनसमोर एकटा बसलेला एक शाळामास्तर, आणि सकाळी भोंग्यातून आलेली ती बेसूर धून. मग डावी-उजवी बाजू नीट करा आणि प्रोग्राम पुन्हा चालवा. तुम्हाला उद्यापर्यंत थांबावं लागत नाही, दोन सेकंदांत उत्तर येतं.